बुरुजाचे गुडघे

बस डेपोच्या फुटबॉल संघात तो सोळा वर्षं डाव्या बाजूचा बचाव सांभाळत होता. त्या बाजूने चेंडू सहसा पुढे जात नसे, म्हणून त्याचं नाव बुरुज पडलं. हजेरीपटावर नाव वेगळं होतं, पण त्या नावाने कोणी हाक मारली तर तो स्वतःसुद्धा मान वळवत नसे.

कामाने तो ब्रेक फिटर. बसचं चाक उतरवायचं, ड्रम ओढून काढायचा, झिजलेले लायनर बदलायचे, सगळं परत बसवायचं. आणि हे सगळं सिमेंटच्या फरशीवर गुडघे टेकून, नाहीतर उकिडवं बसून. जोडीला नाना होते. त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, बोलायला कंजूष. काम त्याला त्यांनीच शिकवलं होतं, आणि शिकवतानाही दिवसाला चार वाक्यांच्या वर गेले नव्हते.

घडलं ते उपांत्य सामन्यात. समोर दुसऱ्या डेपोचा संघ होता आणि त्यांच्याकडे एक नवा विंगर आला होता, एकवीस-बावीस वर्षांचा, वाऱ्यासारखा. पहिल्यांदा तो बुरुजाच्या बाजूने निसटला तेव्हा बुरुजाला वाटलं, आपला पाय घसरला. दुसऱ्यांदा त्याने चेंडू सरळ बुरुजाच्या दोन पायांमधून काढला. लोक हसले. समोरच्यांचे हसले असते तर चाललं असतं, पण हसले ते आपल्या डेपोचे ड्रायव्हर-कंडक्टर. बुरुजाला त्या वर्षी एक्केचाळिसावं लागलं होतं.

तिसऱ्यांदा तो पोरगा चेंडू घेऊन येताना दिसला आणि बुरुजाला कळून चुकलं, की हा आताही जाणार. तो दोन पावलं पुढे गेला, वळला आणि पडला. पडेपर्यंत मनात काहीच नव्हतं, हे खरं. पण पडल्यावर त्याला उठावंसं वाटेना. लोळणाऱ्या माणसाला कोणी हसत नाही. त्याने डावा गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि ओरडला, "गेला! गुडघा गेला!"

सगळे धावले. बदली खेळाडू आधीच संपले होते, त्यामुळे संघाला दहा जणांनिशी खेळावं लागलं. कप्तान म्हणजे एक कंडक्टर, ज्याच्या आवाजाने भरलेली बस मागे सरकायची. त्याने मैदानाच्या मधोमध उभं राहून आरोळी ठोकली, "बुरुजासाठी!" आणि ते दहा जण असे काही खेळले की एका गोलने मागे असलेला सामना दोन-एकने जिंकून आले. मग त्यांनी बुरुजाला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली. लोक टाळ्या वाजवत होते. बुरुज वर बसून डोळे मिटून घेत होता, आणि खालच्यांना वाटत होतं, फार कळा येताहेत.

त्याचा बेत साधा होता. दोन दिवस लंगडायचं, तिसऱ्या दिवशी बरं वाटतंय म्हणायचं, विषय संपला. पण दुसऱ्याच दिवशी डेपोचे साहेब स्वतःची गाडी घेऊन दारात हजर. सोबत कप्तान. नेलं त्याला डॉक्टरांकडे.

"इथे दुखतं?" डॉक्टरांनी दाबून विचारलं.

"हो."

"आणि इथे?"

"जरा कमी."

एवढंच तो बोलला. बाकीचं डॉक्टर बोलले. फोटो काढला, तर हाड शाबूत. "मला वाटलंच," डॉक्टर म्हणाले, "हाडाचं नाहीच हे. लिगामेंट आहे. फोटोत ते दिसायचं नाही." कागदावर त्यांनी लिहिलं: गुडघे टेकणं बंद, जड उचलणं बंद, कायमचं. शिवाय दोन्ही गुडघ्यांना पट्टे. "एकाचा भार दुसरा घेतो आणि मग दुसराही जातो. दोन्हीला घाला. उठल्यापासून झोपेपर्यंत."

आठवड्याभरात साहेबांनी त्याची बदली स्टोअरमध्ये केली. स्टोअर म्हणजे एक अरुंद खोली. मागे छतापर्यंत सुट्या भागांचे खण, पुढे जाळीची खिडकी, खिडकीमागे उंच स्टूल. मेकॅनिक येणार, चिठ्ठी देणार, बुरुज बेअरिंग नाहीतर लायनर काढून खिडकीतून सरकवणार. ब्रेकच्या कामावर नाना एकटे राहिले. मदतनीस देतो, साहेब म्हणाले होते. तो मदतनीस अजून यायचाच होता.

पट्टे होते जाड रबरी कापडाचे, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पट्ट्या आणि मागे घट्ट चिकटणाऱ्या चार वाद्या. घातले की गुडघा पुरता वळत नसे. पहिल्या आठवड्यात कातडी सोलवटली, तेव्हा बायकोने आपल्या शिवणाच्या मशीनवर त्यांना आतून मऊ अस्तर लावून दिलं. ती लोकांचे कपडे शिवायची. दिवसभर मशीनवर वाकून तिची पाठ भरून यायची. तरी संध्याकाळी ती जमिनीवर बसून त्याचा पाय मांडीवर घ्यायची आणि पंधरा मिनिटं मलम चोळायची.

"आज कमी आहे का हो?"

"आहे जरा."

"बघा, मी म्हटलं ना, नेमाने चोळलं की गुण येतो."

बुरुज छताकडे बघत बसायचा. मलम झोंबायचं, तेवढंच काय ते खरं दुखायचं.

खोटं बोलायला सोपं, ते रोज चालवणं अवघड. चालवणं म्हणजे अक्षरशः चालवणं. एकदा सकाळी तो गेटातून आत आला तर वॉचमन म्हणाला, "काय रे, आज उजवा का?" बुरुजाने चटकन पाय बदलला. भार, भार, असं काहीतरी पुटपुटत तो सटकला. त्या दिवसापासून त्याने डाव्या बुटात एक बारीक खडा टाकायला सुरुवात केली. मग विसरायचा प्रश्न नव्हता. खडा घालून लंगडताना त्याला थोडं बरंही वाटायचं, की निदान हे तरी खोटं नाही.

सांगून टाकावं असं वाटायचं, नाही असं नाही. पण कोणाला? ज्यांनी खांद्यावर घेतलं त्यांना? रोज पाय मांडीवर घेणारीला? आठवडा गेला, महिना गेला, आणि प्रत्येक महिन्यागणिक सांगायची गोष्ट मोठी होत गेली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातली गत.

सात महिन्यांनी कप्तान खिडकीशी आला. चेहरा उजळलेला. "डॉक्टरांना विचारून आलोय! पट्टे घालून हलकं खेळलास तर चालेल म्हणाले. शेवटची पंधरा मिनिटं. नुसता मैदानात ये रे, पोरांना हुरूप येतो."

आणि बुरुज पुन्हा मैदानात उतरला. दोन्ही गुडघ्यांना काळे पट्टे, बुटात खडा. तो रेषेच्या आत आला की लोक उभे राहायचे. त्याला पळता येत नव्हतं, कारण पळाला तर सगळं उघडं. चार ढांगांत गाठता आला असता असा चेंडू समोरून घरंगळत जायचा आणि तो दीड पाऊल टाकून थांबायचा. लोक हळहळायचे. समोरचे खेळाडू त्याला धक्का लागू नये म्हणून वळसा घालून जायचे. सोळा वर्षं ज्याच्या अंगावर यायला माणसं बिचकायची, त्याच्यापासून आता ती जपून चालत होती, एखाद्या पाळण्यापासून चालावं तशी.

एका सामन्यानंतर तो विंगर भेटायला आला. मान खाली घालून म्हणाला, "काका, त्या दिवशी माझ्यामुळे झालं. मी नंतर दोन महिने नीट खेळू शकलो नाही."

"तुझा हातसुद्धा लागला नव्हता रे मला."

"तुम्ही मोठ्या मनाचे आहात म्हणून असं म्हणता," तो म्हणाला आणि चटकन वाकून त्याच्या पट्ट्याला हात लावून गेला.

तेव्हा पहिल्यांदा बुरुजाला कळलं, की आपण खरं बोललो तरी ते खऱ्यात जमा होत नाही.

स्टोअरच्या खिडकीतून ब्रेकची जागा समोरच दिसायची. जाळीतून दिसायची म्हणून तुकड्या-तुकड्यांत दिसायची, त्यामुळे एक गोष्ट ध्यानात यायला त्याला वेळ लागला. नाना चाकापाशी बसायचे नेहमीसारखे, पण उठायचे तीन टप्प्यांत. आधी चाकाची कड धरायची. मग उजवा पाय रोवून थांबायचं. मग डोळे मिटून वर यायचं. जिथे पूर्वी दोघं होते तिथे एकटा माणूस, आणि बसगाड्या तितक्याच.

एकदा दुपारी नाना खिडकीशी आले. मागे कोणी नाही असं बघून हळूच म्हणाले, "तुझे जुने पट्टे असले तर दे. टाकून देण्याआधी."

"कशाला नाना?"

"गुडघे मलाही आहेत."

"डॉक्टरांना दाखवा की."

"दाखवू आणि काय? अनफिट लिहितील. मग बसवणार कुठे मला? बसून करायची जागा डेपोत एकच आहे." त्यांनी स्टुलाकडे बोट केलं. रागाने नाही, एखादा भाग कुठल्या खणात आहे ते दाखवावं तसं. "तिथे तू आहेस. तुझं झालं ते झालं, तुझा काही दोष नाही. पण कोणाजवळ बोलू नकोस."

बुरुजाने तिथल्या तिथे पँट वर सारून दोन्ही पट्टे सोडले आणि खिडकीतून दिले.

"अरे, आणि तू?"

"आहेत दुसरे," तो म्हणाला. दुसरे नव्हते.

त्या संध्याकाळी तो कप्तानाच्या घरी गेला. बसला नाही. उभ्या उभ्या म्हणाला, "मला काही झालेलं नाही. माझा गुडघा ठणठणीत आहे. त्या दिवशी मी खोटं पडलो."

 कप्तानाचे डोळे भरून आले.

"नानांसाठी ना?" तो म्हणाला. "मी बघतोय त्यांना. मला वाटलंच होतं तू असलं काहीतरी करशील. स्वतःला खोटारडा म्हणवून घेऊन जागा सोडतोयस त्यांच्यासाठी!"

"अरे, तसं नाही. खरंच मी..."

"गप्प बस." कप्तानाने त्याला मिठी मारली. "तुझ्यासारखा माणूस मी पाहिला नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बुरुजाचा त्याग सगळ्या डेपोत पोचला होता. ड्रायव्हर येऊन खिडकीतून हात मिळवत होते. नानांच्या कानावरही गेलं. ते त्या दिवशी खिडकीशी फिरकले नाहीत. आपलं गुपित फोडलं असं त्यांना वाटलं असणार.

बुरुज साहेबांकडे गेला. साहेबांनी फाइल काढली, डॉक्टरांचा कागद दाखवला. "भावना समजते तुमची. पण इथे कायमचं असं लिहिलंय. बरे झाला असाल तर ज्यांनी लिहिलं त्यांचंच पत्र आणा."

तो डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी गुडघा पुढे-मागे करून पाहिला. "सुधारणा छान आहे. पट्ट्यांचा गुण."

"डॉक्टर, आधीपासूनच काही नव्हतं."

"म्हणजे माझं निदान चुकलं?"

"नाही, मी तुम्हाला दुखतं म्हणून सांगितलं. खोटं."

डॉक्टर हसले. "तुमचे कप्तान भेटले होते मला. सांगितलं त्यांनी सगळं. हे बघा, मित्रासाठी तुम्ही काहीही बोलाल. पण मी खोटं प्रमाणपत्र देत नाही."

बाहेर पायऱ्यांवर येऊन बुरुज बसला. हसावं की रडावं त्याला कळेना. चारी बाजूंनी माणसं होती आणि सगळी चांगली. एखादा जरी वाईट भेटला असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं.

राहिला एकच मार्ग. पुढच्या रविवारी सामना होता, आणि समोर तोच विंगरवाला संघ. कप्तानाने नवे पट्टे आणून स्वतःच्या हाताने बांधले. मध्यंतरानंतर बुरुज मैदानात उतरला. रेषेपाशी थांबून त्याने चारी वाद्या ओढल्या, पट्टे काढून बाकावर टाकले, बूट उलटा करून खडा झटकला. मग तो पळाला. सव्वा वर्षात पळाला नव्हता तसा पळाला. अंगावर चढून चेंडू हिसकावला, घसरत आडवा गेला, उठला, परत पळाला. विंगर दोनदा त्याला चुकवून गेला. बुरुज दोन्ही वेळा मागून धावत जाऊन आडवा आला. लोकहो, बघा, बघा, तो मनात ओरडत होता, काही झालेलं नाही मला!

लोक बघतच होते. निम्म्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"कळा गिळून खेळतोय!" कोणीतरी ओरडलं. शिट्टी वाजताच कप्तान धावत आला, त्याच्या पायाशी बसला, दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरून म्हणाला, "का केलंस हे? कायमचा अधू होशील!" साहेबही प्रेक्षकांत होते. त्यांनी तिथेच पंधरा दिवसांची सक्तीची रजा दिली. विश्रांतीसाठी.

फक्त एका माणसाने टाळ्या वाजवल्या नाहीत. मैदानाच्या कडेला नाना उभे होते. गर्दी पांगल्यावर ते जवळ आले. त्यांनी बुरुजाच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही, गुडघ्यांकडे बघितलं. झिजलेला भाग आणि नवा भाग यांतला फरक ज्या माणसाला हातात न घेता कळतो, त्याचं ते बघणं होतं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

"म्हणजे?"

"काही झालंच नव्हतं, नाना."

नानांनी मनात हिशेब केला असावा. ओठ हलले. "सव्वा वर्ष," ते म्हणाले. मग वळले आणि तीन पायऱ्या होत्या त्या एकेक करून, कठडा धरून उतरले. सगळ्या गावात विश्वास ठेवणारा एकच माणूस निघाला, आणि तो हा.

घरी त्याने बायकोला सांगितलं. मलमाची डबी उघडून ती बसलेलीच होती. सगळं ऐकून घेतलं तिने. 

"झोपेत तुम्ही दोन्ही पाय पोटाशी घेऊन झोपता," ती शेवटी म्हणाली. "दुखऱ्या पायाचा माणूस असा झोपत नाही. मी म्हणायची, चला, झोपेत तरी आराम पडतोय बिचाऱ्याला." डबीचं झाकण तिने लावलं, परत काढलं, परत लावलं. "मग इतके दिवस मी काय चोळत होते?"

 ती उठली आणि मशीनवर जाऊन बसली. शिवायला काही घेतलं नाही, नुसतीच बसली. चार दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. पाचव्या दिवशी म्हणाली, "त्या नानांचं काय करणार आहात?"

रजा संपायची वाट न बघता तो सहाव्या दिवशी डेपोत गेला. स्टोअरकडे वळला नाही. सरळ ब्रेकच्या जागी गेला, नानांच्या हातातला पान्हा घेतला आणि चाकापाशी गुडघे टेकून बसला.  नाना स्टोअरमध्ये गेले आणि स्टुलावर बसले.

साहेबांनी पाहिलं. कागदोपत्री बुरुज अधू होता आणि नाना धडधाकट. पत्र आल्याशिवाय ते काही बदलता येत नव्हतं. साहेब दोन मिनिटं दारात थांबले, घसा खाकरला आणि दुसरीकडे बघत निघून गेले. तेव्हापासून तसंच चाललं आहे. सह्या जुन्या जागेवर, माणसं नव्या जागेवर. डेपोतले लोक बुरुजाला ब्रेकवर वाकलेला बघतात आणि आपसांत हळहळतात, की बघा, एवढ्या दुखण्यात मित्राचं काम ओढतोय. तो आता कोणाला काही सांगायला जात नाही. रविवारी कप्तान पट्टे बांधू लागला, तर तो पाय पुढे करतो.

नाना त्याच्याशी बोलत नव्हते. चिठ्ठी घ्यायचे, माल सरकवायचे. असे सात आठवडे गेले.

मग एक जुनी बस आली, जिच्या मागच्या चाकाचा ड्रम गंजून असा धरला होता की निघता निघेना. बुरुजाने तासभर हातोडी चालवली. तेल सोडलं, पहार लावली, शिव्या घातल्या. घामाने डोळे चुरचुरायला लागले. मागे पावलं वाजली. नाना स्टोअरमधून बाहेर आले होते. त्यांनी तेलाचा एक रिकामा डबा पायाने ओढला, उपडा केला आणि त्यावर पाय लांब करून बसले.

बुरुज थांबला.

"खालून मार," नाना म्हणाले.

त्याने खालून मारलं. ड्रम हलला नाही.

"पुन्हा."